‘सवय होईल’ : क्रोमॅटिक माउथ ऑर्गनची ओठपट्टी आणि वादकाचे सुख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत हेब्बाळ येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी कार्यकारिणीचा मनःपूर्वक ऋणी आहे. संतवाङ्मय, शहाजीराजांच्या काळचे बंगळूर, वृद्धापकाळातील आहार अशा भारदस्त विषयांवर येथे विद्वानांची भाषणे झाली. त्या पंक्तीला माउथ ऑर्गनसारखे खिशातले वाद्य घेऊन बसताना मला संकोच वाटतो. त्यातही मी बोलणार आहे तो संपूर्ण वाद्यावर नव्हे, तर वादकाचे ओठ ज्या भागाला लागतात त्या बोटभर रुंदीच्या धातूच्या पट्टीवर. माझ्या एका सहकाऱ्याने विषय ऐकून विचारले, “यावर तासभर बोलता येईल?” मी त्यांना म्हटले, सरकारी नोकरीत आपण याहून अरुंद विषयांवर याहून लांब टिपणे लिहिली आहेत.

मी संगीतातला पंडित नाही आणि यंत्रशास्त्रातला तर मुळीच नाही. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि केंद्र सरकारच्या सेवेत लागलो. मग हा विषय का घेतला? त्याचे कारण प्रथमच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळात रविवारी सकाळी मी मुलांना माउथ ऑर्गन शिकवीत असे. वर्गात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. तिचा कान उत्तम होता. इतर मुले स्वर शोधत असताना ही भूपाचा आरोह-अवरोह बिनचूक वाजवून खिडकीबाहेर पाहत बसे. एके दिवशी तिने मला तिच्या तोंडाची उजवी कड दाखविली. तेथे लाल चीर पडली होती. “काका, दुखतं,” ती म्हणाली. मी म्हणालो, “सवय होईल. मलाही झाली.” त्यानंतर ती दोन रविवार आली आणि तिसऱ्या रविवारपासून आली नाही.

माझे उत्तर चुकीचे होते, हे मला पुढे कळले. ते का चुकीचे होते एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम या वाद्याची थोडी ओळख. आपली बाजाची पेटी आणि माउथ ऑर्गन ही सख्खी चुलत भावंडे. दोहोंत एका टोकाला जखडलेले पितळेचे पातळ पाते हवेच्या झोताने थरथरते आणि स्वर निघतो. पेटीत ही हवा भाता देतो, तर माउथ ऑर्गनमध्ये आपली छाती हाच भाता. पेटीचा सूर हवेच्या एकाच दिशेच्या झोताने बोलतो. माउथ ऑर्गनमध्ये मात्र फुंकण्याची पाती निराळी आणि श्वास आत ओढण्याची निराळी. म्हणजे या वाद्यात श्वास घेण्यासाठी थांबावे लागत नाही. श्वास घेणे हाच वादनाचा अर्धा भाग आहे.

जत्रेत मिळणारा साधा माउथ ऑर्गन एका सप्तकाचे शुद्ध स्वर देतो. कोमल-तीव्र स्वर त्यात सरळपणे मिळत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी जे वाद्य निघाले ते क्रोमॅटिक. नेहमीच्या क्रोमॅटिकला बारा छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रामागे चार, अशी एकूण ४८ पाती. उजव्या टोकाला एक बटण असते. ते दाबले की आतली एक पातळ पट्टी सरकते आणि तोच श्वास अर्ध्या स्वराने वरच्या पात्यांकडे वळतो. हेब्बाळकरांना हे समजावणे सोपे आहे. आपल्या उड्डाणपुलापाशी पोलीस जसे खालचा रस्ता बंद करून वाहने वर सोडतात, तसेच ही सरकपट्टी करते. फरक इतकाच की माउथ ऑर्गनमध्ये हे काम क्षणात होते!

पांढरी एकचे वाद्य घेतले तर षड्ज फुंकून, रिषभ ओढून, गंधार फुंकून, मध्यम ओढून, पंचम फुंकून, आणि धैवत व निषाद दोन्ही ओढून मिळतात. षड्ज फुंकताना बटण दाबले की कोमल रिषभ, मध्यम ओढताना दाबले की तीव्र मध्यम, पंचमावर दाबले की कोमल धैवत. बारा छिद्रांत तीन सप्तके बसतात. सोळा छिद्रांचे मोठे वाद्य असते, त्यात चार. भूप वाजवायला बटणाला हातही लावावा लागत नाही, म्हणूनच मुलांना मी आधी भूप शिकवीत असे.

जर्मनीतील ट्रोसिंगेन या गावी माथियास होनर या घड्याळजीने १८५७ साली माउथ ऑर्गन बनविण्यास आरंभ केला आणि पुढे त्याच्या नावाचा कारखाना जगभर पोहोचला. विसाव्या शतकात क्रोमॅटिकला मोठे वादक लाभले. अमेरिकेचे लॅरी अ‍ॅडलर यांच्यासाठी व्हॉन विल्यम्स या ख्यातनाम इंग्रज संगीतकाराने १९५१ मध्ये वाद्यवृंदासह वाजविण्याची स्वतंत्र रचना लिहिली. बेल्जियमचे टूट्स थीलेमान्स यांनी हे वाद्य जाझ संगीतात नेले. ते २०१६ मध्ये ९४ व्या वर्षी निवर्तले. कॅनडात जन्मलेले टॉमी रायली दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी जर्मनीत शिकत होते. तेथे त्यांना अटक झाली आणि युद्ध संपेपर्यंतची वर्षे बंदिवासात गेली. त्या छावण्यांत त्यांनी या वाद्याचा रियाज केला. घरापासून दूर, सोबतीला खिशात मावेल एवढेच वाद्य, ही त्यांची अवस्था मला फार जवळची वाटते. अर्थात माझा बंदिवास सरकारी निवासस्थानातला होता आणि त्याला घरभाडे-भत्त्याचे नियम लागू होते.

आपल्याकडे हे वाद्य घरोघरी पोहोचले ते चित्रपटांमुळे. १९५८ च्या ‘सोलवाँ साल’मध्ये देव आनंदच्या गाण्यामागे जो माउथ ऑर्गन वाजतो तो सचिनदेव बर्मन यांचे चिरंजीव राहुलदेव यांनी वाजविलेला. १९६४ च्या ‘दोस्ती’त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतासाठीही माउथ ऑर्गन वाजविला तो राहुलदेव यांनीच. त्यातले लक्ष्मीकांत म्हणजे आपले कुडाळकर. पुढे १९७५ मध्ये ‘शोले’त अमिताभ बच्चन संध्याकाळी पायरीवर बसून जी धून वाजवितात ती प्रत्यक्षात भानू गुप्ता यांच्या ओठांतून आलेली आहे. आमच्या पिढीतल्या किती मुलांनी त्या धुनेपायी वडिलांकडे हट्ट धरला असेल, याची गणती नाही. मीही त्यांतलाच एक. माझा पहिला माउथ ऑर्गन मिरजेच्या उरुसात घेतलेला.

नोकरीत बदल्या होत गेल्या तसे या वाद्याचे मोल मला अधिक कळले. पेटी बदलीच्या सामानात नेणे किती जिकिरीचे, हे येथील अनेकांना ठाऊक आहे. एका बदलीत भाता फाटतो, दुसऱ्या बदलीत सूर उतरतो आणि तिसऱ्या बदलीपूर्वी पेटी भावाच्या घरी माळ्यावर जाते. माउथ ऑर्गन मात्र कोटाच्या खिशातून येतो. परक्या गावात पहिल्या रात्री, सामानाच्या खोक्यांमध्ये बसून, आपल्या आईने म्हटलेले एखादे भजन वाजविता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता मूळ विषयाकडे वळतो. इंग्रजीत ज्याला माउथपीस म्हणतात त्याला मी पूर्वी मुखपट्टी म्हणत असे. परंतु २०२० च्या साथीत तो शब्द कानांना अडकविण्याच्या वस्तूने पळविला. म्हणून पेटीच्या सुरपट्टीच्या धर्तीवर मी ओठपट्टी म्हणतो.

साध्या लाकडी माउथ ऑर्गनमध्ये ओठ थेट लाकडाच्या दातांना लागतात. थुंकीने लाकूड फुगते, दात किंचित बाहेर येतात आणि ओठ सोलवटतात. क्रोमॅटिकमध्ये सरकपट्टी आली, ती धरून ठेवण्यासाठी समोर धातूची पट्टी आली आणि लाकूड त्यामागे झाकले गेले. अशा रीतीने ओठांची लाकडापासून सुटका झाली, तथापि ते धातूच्या स्वाधीन झाले. त्या धातूची कड कशी आहे, छिद्रे कशी आहेत, मुलामा कसला आहे, यावर वादकाचे सुखदुःख अवलंबून राहू लागले.

माझे क्रोमॅटिक मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत कोलकात्यास असताना जुन्या बाजारातून घेतले. नवे घेण्याची ऐपत नव्हती. कोलकाता हे माउथ ऑर्गनवेड्यांचे शहर. मिलन गुप्ता यांचे नाव तेथे आदराने घेतले जाते. माझ्या वाद्याचे स्वर चांगले होते, पण ओठपट्टीवरचा मुलामा मध्यभागी झिजून खालचे पितळ पिवळे दिसत होते. तीनचार दिवसांत तोंडाची उजवी कड दुखू लागली. विक्रेत्याला विचारले तर तो म्हणाला, सवय होईल. एका जुन्या वादकाला विचारले, त्यानेही तेच सांगितले. मी मनाशी म्हटले, सतारियाच्या बोटाला घट्टे पडतात, तबलजीची बोटे सुजतात, मग आपल्या ओठांनी तक्रार का करावी? आपल्याकडे यातना आणि साधना यांची सांगड इतकी घट्ट आहे की दुखले नाही तर आपण शिकलोच नाही असे वाटते. त्या वाद्यावर मी वर्षानुवर्षे वाजविले. मधली काही वर्षे कंटाळून बंदही ठेवले. कंटाळा वाद्याचा नसून दुखण्याचा होता, हे तेव्हा लक्षात आले नाही.

ती मुलगी वर्गात यायची थांबल्यानंतर काही महिन्यांनी गणेशोत्सवाच्या तालमीला एक निवृत्त यंत्र-अभियंते आले. त्यांनी माझे वाद्य मागून घेतले, आरतीच्या तबकातला कापसाचा बोळा उचलला आणि ओठपट्टीच्या कडेवरून हलकेच फिरविला. उजवीकडच्या शेवटच्या तीन छिद्रांपाशी कापसाचे तंतू अडकून राहिले. “धातू कापताना कडेला ही कूस राहते,” ते म्हणाले. “डोळ्यांना दिसत नाही, बोटालाही जाणवत नाही, कारण बोटाची कातडी जाड असते. ओठाला जाणवते. तुम्ही इतकी वर्षे करवतीवरून ओठ फिरवीत होता.”

मला त्या क्षणी माझ्या ओठांची आठवण झाली नाही; त्या मुलीची झाली.

त्यानंतर मी या पट्टीचा जमेल तेवढा अभ्यास केला, निरनिराळी वाद्ये हाताळली, जाणकारांना विचारले. त्यातून जे समजले ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट कडेची. ओठ या पट्टीवर टेकून स्थिर राहत नाहीत. ते सतत डावी-उजवीकडे घसरत असतात. म्हणून पट्टीच्या वरच्या-खालच्या कडा गोलसर हव्यात आणि वाद्याचे वरचे झाकण जेथे पट्टीला मिळते तेथे पायरी नसावी. पायरी असली की ओठ तेथे अडखळतो. मिशा असलेल्या वादकांचे केसही त्याच फटीत अडकतात. तो अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना वर्णनाची आवश्यकता नाही, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांनी तो घेऊ नये.

दुसरी गोष्ट छिद्रांची. काही वाद्यांत ती चौकोनी असतात, काहींत गोल. चौकोनी छिद्राचे कोपरे जिभेला आणि ओठाला नेमकी जागा सांगतात, परंतु तेच कोपरे धारदार राहिले तर टोचतात. गोल छिद्रावरून ओठ सहज सरकतो. मोठ्या छिद्रातून श्वास मोकळा जातो, पण दोन छिद्रांमधली भिंत अरुंद झाली की एकच स्वर वेगळा काढणे नवशिक्याला कठीण जाते. मग तो ओठ अधिक आवळतो आणि लवकर थकतो. म्हणजे कोणताही एक आकार सर्वांना उत्तम असा नाही. ओठांचा चंबू करून वाजविणाऱ्याला एक आवडेल, तर जिभेने बाजूची छिद्रे झाकून तोंडाच्या कडेने वाजविणाऱ्याला दुसरा.

तिसरी गोष्ट मुलाम्याची. पट्टी बहुधा पितळेची असते आणि तिच्यावर निकेल, क्रोम, चांदी किंवा सोने चढविलेले असते. काही माणसांच्या त्वचेला निकेल सोसत नाही. घड्याळाच्या पट्ट्याने किंवा खोट्या दागिन्यांनी ज्यांना पुरळ येते त्यांना ओठांवरही येऊ शकते. चांदी गुळगुळीत असते, पण काळी पडते आणि पुसत राहावी लागते. सोने काळे पडत नाही, मात्र त्याचा थर पातळ असतो. मुलामा कोणताही असो, तो झिजून खालचे पितळ उघडे पडले की पट्टी बदलणे हाच उपाय. टॉमी रायली यांच्यासाठी होनरने संपूर्ण चांदीच्या घडणीचे वाद्य बनविले. ते आपल्या आवाक्यातले नाही, हे मान्य. पण त्यातले तत्त्व आवाक्यातले आहे. एवढा थोर वादक वाद्याशी जुळवून घेत बसला नाही, तर वाद्य स्वतःशी जुळवून घेतले.

चौथी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, ती गळतीची. ओठपट्टी, सरकपट्टी आणि मागची पट्टी या तिन्ही एकमेकींना नीट चिकटून बसलेल्या हव्यात. त्यांच्यात फट राहिली की हवा बाजूने निसटते. खालच्या सप्तकाचे स्वर बोलेनासे होतात, वादक अधिक जोराने फुंकतो आणि नकळत वाद्य ओठांवर दाबून धरतो. ओठ दुखतात पट्टीमुळे, पण मूळ कारण गळती. याउलट पट्टीचे स्क्रू फार आवळले तर सरकपट्टी अडते. ती अडली, किंवा तिची स्प्रिंग फार ताठ असली, की बटण दाबताना सबंध वाद्यच डावीकडे ढकलले जाते आणि तोंडाची कड घासली जाते. कोमल-तीव्र स्वरांच्या रागात बटण वारंवार दाबावे लागते; तेथे हे घासणे किती वेळा होत असेल याची कल्पना करावी.

पाचवी गोष्ट स्वच्छतेची. लाळेबरोबर अन्नाचे, विशेषतः गोडाचे, कण आत जातात आणि वाळून सरकपट्टी चिकटते. वाजविण्यापूर्वी चूळ भरावी. पान-सुपारी खाऊन वाजवू नये. मंडळाच्या भोजनानंतर लगेच कार्यक्रम ठेवू नये, ही सूचना मी कार्यकारिणीला या निमित्ताने जाहीरपणे करतो. ज्या वाद्याचे अंग प्लास्टिकचे आहे त्याची ओठपट्टी व सरकपट्टी काढून धुता येते. होनरचे एक प्रकारचे क्रोमॅटिक तर हत्यारांशिवाय उघडता येते, आणि त्याचे झाकण व ओठपट्टी एकसंध असल्याने मघाशी सांगितलेली पायरीच उरत नाही. लाकडी अंगाच्या वाद्याला मात्र पाणी लावू नये.

सहावी गोष्ट आपल्या हवेची. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हेब्बाळ तलावाकडून येणारा वारा गार व कोरडा असतो. ओठ आधीच फुटलेले असतात आणि थंड धातूवर श्वासाची वाफ जमून आतले पातळ पडदे चिकटतात. वाद्य पाच मिनिटे हातांत किंवा खिशात धरून कोमट करावे, ओठ ओले करावेत आणि मगच आरंभ करावा.

आणि शेवटची गोष्ट वादकाची स्वतःची. सर्व दोष पट्टीवर ढकलून आपण नामानिराळे होऊ नये. वाद्य ओठांच्या कोरड्या बाहेरच्या कडेवर टेकविले की घर्षण होते. ते थोडे आत, ओठांच्या ओलसर भागापर्यंत घ्यावे, जबडा सैल ठेवावा, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना डोके फिरविण्याऐवजी वाद्य हाताने सरकवावे. दाबून चांगला स्वर निघत नाही. स्वर निघतो तो श्वासाने.

हे सारे जाणून घेत असताना मला वारंवार माझ्या गावाची आठवण येत होती. मिरजेचे सतार-तंबोरे प्रसिद्ध आहेत. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हे काम करणारी मूळची घराणी शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. शस्त्रांचे दिवस ओसरले आणि एकोणिसाव्या शतकात ते हात वाद्यांकडे वळले. लहानपणी मी त्यांच्या दुकानांच्या पायऱ्यांवर बसून जवारी काढताना पाहिले आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग कारागीर कानसने किंचित घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. पण त्याआधी तो गवयाला गायला सांगतो. गवयाचा आवाज ऐकून जवारी खुली ठेवायची की बंद, हे ठरते. कोणत्याही कारागिराने गवयाला “या जवारीची सवय होईल” असे सांगितलेले मी ऐकले नाही. तारेचा आणि घोडीचा स्पर्श जेथे होतो ती जागा केसभर चुकली तर सबंध तंबोरा व्यर्थ, हे त्यांना ठाऊक असते. त्या गल्लीत वाढलेला मी, आणि ओठ व वाद्य यांचा स्पर्श जेथे होतो त्या जागेकडे माझे इतकी वर्षे दुर्लक्ष झाले!

कारखान्यात तयार झालेले वाद्य सर्वांसाठी एकाच मापाचे असते. त्याला प्रत्येकाचे तोंड माहीत असण्याचे कारण नाही. ते माहीत करून देणे हे आपले काम. बारीक पॉलिश पेपरने कूस काढता येते. ते काम जाणकाराकडून करून घ्यावे, कारण फार घासले तर मुलामा जातो. अनेक वाद्यांची ओठपट्टी सुटी विकत मिळते. लहान मुलांना सोळा छिद्रांचे अवजड वाद्य देण्याऐवजी दहा छिद्रांचे द्यावे. यात फार खर्च नाही. लागते ते एवढेच, की “दुखतं” असे कोणी म्हटले तर ते आधी खरे मानावे.

मित्रहो, बदलीच्या गावी आलेल्या आपणा सर्वांना “सवय होईल” हा शब्द पाठ असतो. भाषेची सवय होईल, भाताची सवय होईल, मुलांना शाळेची सवय होईल. पुष्कळदा ती होतेही. मला येथील आमटीत गुळाऐवजी आलेल्या तिखट सारूची सवय झाली, आणि आता मिरजेस गेलो की सारू आठवते. परंतु जे दुखणे कापसाच्या एका बोळ्याने सापडते आणि दुरुस्त होते, त्याची सवय करून घेणे ही सहनशीलता नव्हे. तो आळस आहे. आणि दुसऱ्याला, विशेषतः लहान मुलाला, ती सवय करायला सांगणे हा त्याहून मोठा दोष आहे. तो माझ्या हातून घडला.

ओठपट्टी बदलून घेतल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या आईने आदराने चहा दिला. मी मुलीला म्हटले, “बाळ, तुझं बरोबर होतं. दोष वाद्यात होता. मी तपासायला हवं होतं.” मी बरोबर कापूस नेला होता. तिने तिचे वाद्य कपाटातून शोधून आणले. कापूस फिरविला तेव्हा उजव्या बाजूला तंतू अडकले, माझ्या वाद्यावर अडकले होते तसेच. तिने ते तंतू बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, “काका, आता मी बॅडमिंटन खेळते.” तिच्या स्वरात राग नव्हता. मी ते वाद्य दुरुस्त करून आठवड्याने परत नेऊन दिले. ते तिच्या घरी आहे. ती वाजविते की नाही, हे मी विचारलेले नाही.

तेव्हापासून नवे मूल वर्गात आले की त्याला भूप शिकविण्यापूर्वी मी त्याचे वाद्य मागून घेतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरी कपाटात, माळ्यावर, बदलीच्या न उघडलेल्या खोक्यात माउथ ऑर्गन पडून असेल आणि तो “दुखतो” म्हणून बंद झाला असेल, त्यांनी तो रविवारी सकाळी दहा वाजता मंडळात घेऊन यावा. भिंग आणि कापूस मी आणीन.